पंप माझा मीच निवडला

हळदीचा व्हिडिओ तयार होत होता. पडद्यावरची हिरवी पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे सरकली होती आणि कॉम्प्युटर बंद पडला. आवाज नाही, धूर नाही, सूचना नाही. नुसता काळा पडदा आणि त्यात माझं घामेजलेलं तोंड.

एप्रिल संपत आला होता. अमरावतीतली माझी खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. दुपारी भिंतीला पाठ टेकवली तर तव्याला टेकल्यासारखं वाटायचं. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला एवढी उष्णता सोसत नाही. तो ठरावीक तापमानाच्या वर गेला की स्वतःला वाचवण्यासाठी सगळं बंद करतो. गेल्या आठवड्यात हे रोज होत होतं. आणि आमच्याकडे लग्नं नेमकी एप्रिल-मे मध्येच होतात. ज्या दिवसांत काम सगळ्यात जास्त, त्याच दिवसांत मशीन झोपणार.

मी लग्नाचे व्हिडिओ कापते, जोडते, त्यांना संगीत लावते. स्वतःचं लग्न केलं नाही, पण दुसऱ्यांची इतकी पाहिली आहेत की कन्यादानाच्या वेळी कोणता मामा रडणार हे मला मंगलाष्टकांच्या आधीच कळतं. बरीच वर्षं मी शहरातल्या एका मोठ्या स्टुडिओत हे काम केलं. प्रत्येक फिल्मच्या शेवटी नावं यायची: स्टुडिओचं, मालकाचं, कॅमेरावाल्याचं, पुढे तर ड्रोन उडवणाऱ्याचंही यायला लागलं. माझं कधीच आलं नाही. दिवाळीच्या आधी एकदा मी मालकांना विचारलं. ते हसले.

"ताई, एडिटिंग कोन पाहाते? लोक नवरीले पाहाते."

"मंग नवरीनंच करावं एडिटिंग," मी म्हटलं आणि स्टुडिओची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली.

त्यांना वाटलं मी दोन दिवसांनी येईन. मी गेले नाही. बंद पडलेल्या एका अ‍ॅनिमेशन क्लासचा जुना कॉम्प्युटर विकत घेतला, ही खोली भाड्यानं घेतली आणि पहिल्याच फिल्मच्या शेवटी स्वतःचं नाव टाकलं, तेही जरा मोठ्या अक्षरांत. हिवाळा चांगला गेला. जानेवारीत एका लग्नघरी मालक भेटले. बासुंदीची वाटी हातात धरून मला म्हणाले, "आता थंडी हाय, म्हनून चाललं. एप्रिल येऊ द्या. तुमचं मशीन शिजन, मंग याल वापस."

त्यांचं खरं होत होतं, याचाच राग मला सगळ्यात जास्त आला.

एसी लावायचा विचार मी आधीच केला होता. घरमालकिणीनं स्पष्ट सांगितलं की वरच्या मजल्याची वायरिंग तेवढा भार घेणार नाही, आणि ती नवीन करून देणार नाही. माझा मोठा भाऊ तिवश्याकडे शेती करतो. भेंडी, वांगी, कोथिंबीर घेऊन तो पहाटे अमरावतीच्या मंडईत येतो आणि माल गेला की माझ्याकडे चहाला थांबतो. त्याचा उपाय तयार होता.

"कूलरसमोर ठेव थ्याले."

ठेवून पाहिलं. दोन दिवस बरं चाललं. मग मी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं तर आत कूलरच्या गवताचा भुसा आणि पत्र्यावर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग. ओली हवा आत ओढून ओढून ते मशीन वर्षभरात गंजलं असतं. मी कूलरचं तोंड वळवलं.

"मंग बंद कर अन् चाल गावाकडं," दादा म्हणाला. "जून लागला का ये."

"लग्नं थांबतीन का जूनपर्यंत?"

"मी काय सांगू त्याले?"

पाण्यानं थंड होणारे कॉम्प्युटर मी व्हिडिओत पाहिले होते. बाहेरून भपकेबाज, रंगीत दिवे लावलेले, पण आतली गोष्ट साधी. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा आणि त्यातून पाणी खेळवायचं. तापलेलं पाणी पंखा लावलेल्या जाळीतून फिरवून निववायचं आणि परत ठोकळ्याकडे पाठवायचं. मोटारीच्या इंजिनाचं जे असतं तेच. त्या सगळ्या वाटेवर पाण्याला ढकलणारी वस्तू एकच, पंप. तो चांगला तर सगळं चांगलं, तो थांबला की बाकीचं सामान नुसतं शोभेचं.

ठोकळा मला नागपूरच्या एका माणसाकडून वापरलेला मिळाला, कुरियरनं. जाळी भंगारात सापडली. जुन्या मोटारींत आत बसणाऱ्यांना ऊब देण्यासाठी हीटर असतो, त्याच्या आत एक छोटी तांब्या-पितळेची जाळी असते. आमच्या भागात गाडीचा हीटर कोण लावतो? गाडी म्हातारी होऊन भंगारात येते तरी तिची ती जाळी कोरीच्या कोरी. भंगारवाल्याला मी ती काढून मागितली तेव्हा त्यानं दोनदा विचारलं, नक्की हीच पाहिजे ना.

पंपावर मात्र गाडी अडली. असे कॉम्प्युटर घरी बनवणाऱ्या हौशी लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, बहुतेक पुण्या-मुंबईकडचे. तिथे मी माझी अडचण लिहिली. कुठली आहे, काय काम करते, खोलीत किती उकडतं, सगळं. आधी हसण्याची चिन्हं आली. एकानं लिहिलं, त्रेचाळीस अंशांच्या खोलीत पाणी तरी काय थंड होणार? मी उत्तर दिलं की मला बर्फ नकोय, मला फक्त मशीन बंद पडण्याच्या रेषेखाली राहायचंय. पाणी थंड नसलं तरी चालेल, त्यानं उष्णता लवकर उचलून न्यावी, एवढंच. मग दुसऱ्यानं समजावणीच्या सुरात लिहिलं, "ताई, पाणी आणि कॉम्प्युटर एकत्र आणायचं तर नामांकित कंपनीचाच पंप घ्यावा. परवडत नसेल तर हा नाद सोडावा." सोबत त्यानं पंपाचा फोटो दिला होता. त्या एका पंपाच्या किमतीत माझा ठोकळा, जाळी, नळ्या, पंखे सगळं येऊन वर काही उरलं असतं.

मी लिहिलं, "नाद सोडायचा असता तर विचारलंच नसतं."

त्या ग्रुपवर त्यानंतर मी प्रश्न विचारला नाही. लोकांचे जुने प्रश्न आणि त्यांची उत्तरं मात्र वाचत राहिले. मिक्सरवर चटणी फिरवताना, भांडी घासताना, फोन खिडकीत उभा करून.

दादाला हे कळलं तेव्हा त्याला उत्साह आला. पंप म्हटलं की शेतकऱ्याला आपलं क्षेत्र वाटतं. दुसऱ्या दिवशी मंडईतून येताना तो कूलरचा नवाकोरा पंप घेऊन आला. घरच्या विजेवर चालणारा, पाण्यात बुडवून ठेवायचा. बाथरूममध्ये बादली भरली, त्यात पंप सोडला आणि त्यानं बटण दाबलं. धार समोरच्या भिंतीवर आदळली.

"पाह्य!" तो लहान पोरासारखा खूश झाला. "एवढी धार त्या कंपनीच्या पंपाले बी नसन."

धार खरंच चांगली होती. ठोकळा आणि जाळी जोडूनही पाणी जोरात येत होतं. पण ती बादली मी कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवली आणि कानाला हेडफोन लावले, तर सनईच्या मागे सतत एक घूंऽऽ ऐकू यायला लागलं. टेबलच थरथरत होतं. मी दिवसभर आवाजच ऐकत असते, सनईचा श्वास कुठे तुटतो आणि बाईचा हुंदका कुठे सुरू होतो ते. त्या घूंमध्ये मला काम करता आलं नसतं. मग मी कॉम्प्युटर बंदच ठेवून नुसता पंप चालू ठेवला आणि स्वयंपाक केला. परत येऊन बादलीत हात घातला तर पाणी कोमट. पंप स्वतःच पाणी तापवत होता.

आणि तिसरी गोष्ट मी दादाला सांगायची टाळत होते, पण ती सगळ्यात मोठी होती. आमच्याकडे लहान लेकराला चालायला येतं त्या वयात एक वाक्य शिकवलं जातं: कूलरला हात लावू नको. घरची वीज पाण्यात उतरली की काय होतं हे वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या पंपाची आतली सील एखाद्या दिवशी फाटली असती तर ते पाणी माझ्या टेबलावर, माझ्या हाताखाली, माझ्या मशीनच्या पोटात असतं.

"दादा, हा नाई जमत," मी म्हटलं.

"काहून नाई जमत? चांगली धार हाय."

"धार चांगली हाय. पन हा घरच्या लाइनवर चालते. करंट उतरला तं?"

"आमाले झालं काई आजवर? तीन कूलर हायेत घरी."

"तुह्या कूलरात कॉम्प्युटर नाई बसेल, दादा."

त्याचा चेहरा उतरला. "एवढ्या उन्हात बजारात फिरून आनला मी."

"माह्या कूलरात लावते मी हा. चांगलाच हाय. पन मशीनले मले दुसरा पाह्यजे."

"तुले सगळं आमच्यापेक्षा जास्त समजते," असं म्हणून तो उठला. गॅसवरच्या चहाला उकळी येत होती, तो न घेताच जिना उतरला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी दोघांचा चहा एकटीनं प्यायला. वाईट वाटलं, पण फोन करून "बरं, तोच लावते" म्हणायला मन झालं नाही. तो पंप निवडला असता तर दादा खूश झाला असता. पण तो त्याच्या खुशीचा पंप झाला असता.

माझं आता पक्कं झालं होतं. पंप बारा व्होल्टचा हवा, म्हणजे तो कॉम्प्युटरच्याच वीजपुरवठ्यावर चालेल आणि पाण्यात उतरली तरी ती वीज जीव घेणार नाही. आवाज करणारा नको. दिवसभर गरम पाण्यात चालला तरी वितळणारा, फुगणारा नको. आणि ठोकळ्याच्या बारीक खाचांतून, जाळीच्या वळणांतून पाणी ढकलण्याइतका दम त्यात हवा. अमरावतीत मी दुकानं पालथी घातली. कूलरचे पंप पोत्यानं होते, बारा व्होल्टचा म्हटलं की दुकानदार टॉर्च दाखवायचे. शेवटी अकोल्याच्या एका फोटोग्राफरनं सांगितलं की तिथे एका दुकानात सोलरवर चालणारी छोटी कारंजी आणि फवारणीचं सामान मिळतं, तिथे पाहा.

मी सकाळच्या बसनं निघाले. तोंडाला स्कार्फ, मांडीवर पिशवी, पिशवीत ठोकळा, जाळी, नळ्या आणि बारा व्होल्टचा एक अ‍ॅडॉप्टर. नुसता पंप पाहून तो विकत घ्यायचा नाही, माझ्या सामानाला जोडून पाहायचा, असं ठरवूनच निघाले होते. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा शेजारच्या बाईनं पिशवीतली जाळी पाहून विचारलं, "गाडी बंद पडली का व बाई?" मी म्हटलं, "बंद पडू देत नाई, म्हनून तं चालली."

दुकान लांबट आणि अंधारं होतं. दारात निळे ड्रम, आत फवारणीचे पंप टांगलेले. काउंटरवरचा माणूस माझ्यापेक्षा थोडा मोठा असेल.

"कूलरसाठी पाह्यजे का, ताई?"

"कॉम्प्युटरसाठी. बारा व्होल्टचा."

त्यानं माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. "भाऊ गाडी लावून येऊन राह्यले का?"

"कोनते भाऊ?"

"नाई, म्हंजे पंप कोनाले पाह्यजे?"

"मले पाह्यजे. दाखवा."

त्यानं आधी फवारणीचा पंप काढला. त्यालाही बारा व्होल्टच लागतात आणि त्याचा जोर भयंकर असतो. पण चालू केल्यावर तो खडखड करत धक्क्याधक्क्यानं पाणी फेकतो. मी तो बाजूला सारला. मग त्यानं कारंज्यांचे छोटे काळे पंप एका ट्रेमध्ये आणले, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे. दोन प्रकारचे होते. एकाच्या डब्यावर मोठे आकडे छापलेले, दुसऱ्याच्या डब्यावर लहान.

"हा घ्या," मोठ्या आकड्यांचा पुढे करून तो म्हणाला. "याचं पानी बी जास्त, उंची बी जास्त."

"लावून पाहू द्या. एक बादली पानी लागन."

"टेस्टिंग नाई होत, ताई. पानी लागलं का माल वापस नाई जात कंपनीत."

"पंप पान्यात नाई टाकायचा तं कशात टाकायचा?"

मागे युरियाची चौकशी करायला आलेला एक माणूस हसला. दुकानदार चिडला.

"तुमाले घ्यायचा असन तं घ्या, नाईतर राहू द्या."

"घ्यायचा हाय म्हनूनच तं पाहून राह्यली मी." बाजूला एक रिकामं स्टूल होतं, मी त्यावर बसले आणि पिशवी पायाशी ठेवली. "तुमचं गिऱ्हाईक होऊ द्या. मले घाई नाई."

खरं तर घाई होती. घरी दोन लग्नं अडकून पडली होती आणि परतीच्या बसला उभं राहावं लागणार होतं. पण मी बसून राहिले. युरियावाला गेला, एक जण पाइप घेऊन गेला, एकाला नळाची तोटी पाहिजे होती. प्रत्येक जण माझ्याकडे पाहायचा आणि मग दुकानदाराकडे. शेवटी तोच मागच्या बाजूला गेला आणि अर्धी बादली पाणी आणून माझ्यासमोर आदळली.

"घ्या. पाहा. फुटला तं पैसे द्या लागतीन."

"देईन."

आधी मोठ्या आकड्यांचा पंप नुसत्या नळीला जोडला. पाणी झुळझुळ चांगलं आलं. दुकानदारानं भुवया उंचावल्या. मग मी पिशवीतून ठोकळा आणि जाळी काढली, तो पंप त्यांच्यामधून जोडला, आणि नळीच्या टोकातून सुतळीएवढी धार आली. नंतर तिचेही थेंब पडायला लागले. लहान आकड्यांचा पंप तसाच जोडला. त्याची धार नुसत्या नळीतून कमी होती, पण ठोकळा-जाळी आल्यावरही ती जवळपास तेवढीच राहिली. दुकानातला स्टीलचा तांब्या घेतला आणि दोन्ही पंपांनी तो भरून पाहिला. लहान आकड्यांच्या पंपानं तो कितीतरी आधी भरला.

"डब्ब्यावर तं याचं जास्त लिहेल हाय," दुकानदार म्हणाला. आता तोही वाकून पाहत होता.

हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. डब्यावरचं पाण्याचं प्रमाण काहीच आडवं नसतानाचं असतं आणि डब्यावरची उंची म्हणजे जिथे पोचल्यावर पाणी थांबतं ती. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. मला मधलं पाहिजे होतं, अडथळ्यातून पुढे जाणारं, आणि ते डब्यावर छापलेलंच नसतं.

"थे मोकळ्या रस्त्याचं हाय, भाऊ. माह्या रस्त्यात जाळी हाय."

त्याच प्रकारचे अजून दोन नग मी ट्रेमधून काढून लावले. एकाच्या आत बारीक खरखर होती, दुसरा गप्प. गप्प होता तो बाजूला काढला. मग एक जास्तीचाही घेतला. दुकानदारानं बिल करताना विचारलं, "तुमी कोनत्या कॉलेजात शिकवता का?"

"लग्नाचे व्हिडिओ करते."

"मंग हे कायले?"

"त्याच्यासाठीच."

त्याला ते पटलं की नाही माहीत नाही. पण निघताना त्यानं माठातलं पाणी दिलं आणि भाव मात्र एक रुपयानंही कमी केला नाही.

घरी आल्यावर मी पंप कडक गरम पाण्याच्या बादलीत दिवसभर चालवला. त्याचा सूर बदलला नाही, प्लास्टिक मऊ पडलं नाही. मग जोडणीला लागले. झाकण घट्ट बसणारी प्लास्टिकची बरणी पाणी साठवायला, आणि पंप तिच्या खाली, कारण या जातीचा पंप हवा ओढू शकत नाही, पाणी त्याच्याकडे आपोआप उतरत यावं लागतं. पाणी बॅटरीत घालतात ते, क्षार नसलेलं. खाली वर्तमानपत्रं पसरली, कॉम्प्युटर बंद ठेवला, नुसता पंप सुरू केला आणि कपडे धुवायला गेले. आले तेव्हा जाळीच्या नळीखाली कागदावर रुपयाएवढा ओला डाग होता.

मी जमिनीवर बसले. ग्रुपवरच्या त्या माणसाचं 'नाद सोडावा' आठवलं, दादाचं आठवलं. वाटलं, बंद करावं. मग वाटलं, एका डागासाठी? नळीचं टोक तिरकं कापलं गेलं होतं. ते सरळ कापलं, क्लिप परत आवळली, नवे कागद पसरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पंप चालू होता आणि कागद कोरडे होते. जाळीत अडकलेली हवा गुडगुड करत होती. जाळी इकडेतिकडे कलवत राहिले, तेव्हा एकेक बुडबुडा बरणीत येऊन फुटला. मग काहीच ऐकू येईना. पंप थांबला की काय म्हणून मी बोट लावून पाहिलं. अगदी हलकी थरथर होती.

दुपारचं ऊन माथ्यावर असताना मुद्दाम तोच हळदीचा व्हिडिओ लावला. खोलीत पंखा गरम हवा ढवळत होता. पट्टी सरकत होती, तापमानाचा आकडा चढत होता, साठ, पासष्ट, सत्तर. सत्तरच्या थोडा पुढे जाऊन तो थांबला आणि तिथेच राहिला. पट्टी शेवटाला पोचली. मी फाइल उघडली. मामीचा हात नवरीच्या गालाला लागला, हळद गळ्यापर्यंत ओघळली, कोणीतरी हसलं. मी खुर्चीतून उठून खोलीत दोन चकरा मारल्या.

मग मी पंपाची वायर काढली. मुद्दाम. तो कधीतरी थांबणार, तेव्हा काय होईल हे मला आजच पाहायचं होतं. आकडा चढला, काम मंदावलं, आणि मशीन स्वतःहून बंद झालं. कशाला काही झालं नाही. वायर परत लावली, सुरू केलं. ज्याची सगळे मला भीती दाखवत होते ते मी स्वतःच करून बसले होते आणि खोली जागच्या जागी होती.

मे महिन्यात माझ्याकडे आलेलं प्रत्येक लग्न मी वेळेत दिलं. एका दुपारी स्टुडिओचे मालक जिना चढून आले. जुनी हार्ड डिस्क राहिली असं निमित्त होतं. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. खुर्चीवर टेकता टेकता त्यांचं लक्ष नळ्यांकडे गेलं.

"हे काय लावलं?"

"पंप हाय."

"पान्याचा? कॉम्प्युटरले?" ते हसायला लागले, मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पट्टी सरकत होती. हसू थांबलं. "काहून एवढा ताप करून घेता, ताई? आपल्याकडं एसी हाय. या वापस. पगाराचं पाहू."

"फिल्मच्या शेवटी नाव येईन का माह्यं?"

"तुमी पुन्हा थेच काढलं."

"थेच काढीन."

"एवढी मस्ती बरी नाई बरं का. बारक्या पंपावर धंदा नाई होत."

"बारकाच हाय," मी म्हटलं. "पन मीनं निवडेल हाय. तुमाले चहा पाह्यजे का पानी?"

त्यांनी पाणी घेतलं. हार्ड डिस्क माझ्याकडे नव्हतीच. जाताना त्यांनी जिन्यातून वळून एकदा पाहिलं, मी दार लावून घेतलं. आणि परत कामाला बसले.

दादा त्याच आठवड्यात परत यायला लागला. पहिल्या दिवशी त्यानं भेंडीची पिशवी ठेवली. मग नळीला हात लावून पाहिला.

"धार तं दिसतच नाई."

"आत चालू हाय."

"अन् माहा पंप?"

मी खिडकीतला कूलर दाखवला. त्यात तोच बसवला होता. त्यानं झाकण काढून आत डोकावलं, समाधानानं मान हलवली आणि सांगितलं, "पानी टाकताना बटन बंद करत जाय."

मग आम्ही चहा घेतला.

जूनच्या तोंडावर तेल्हाऱ्याचं एक घर फिल्म पाहायला आलं. कापूस पेरायच्या गडबडीतून वेळ काढून नवरीचे वडील, आई आणि मावशी. पेन ड्राइव्ह पाठवते म्हटलं होतं, पण मावशीला आधी पाहायचंच होतं की विदाईचा भाग नीट घेतला की नाही. तिघं पलंगावर बसले. मावशीची नजर आल्या आल्या बरणीवर गेली.

"हे पानी कायले फिरून राह्यलं व?"

"कॉम्प्युटर तापते, मावशी. थ्याले थंडं ठेवते."

"अगं माय! थ्याले बी ऊन लागते का?" ती जवळ आली, वाकली. "कोनं करून देल्लं हे? मालकानं?"

"लग्नच नाई केलं मी, मावशी. हे मीनंच केलं."

"अन् घरचे काई म्हनत नाईत?"

"म्हनतात ना."

"मंग?"

"मंग काय. म्हनू दे."

मावशीनं कमरेवर हात ठेवून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "हिले आपल्या पोरीच्या सासरी आठ दिवस पाठवा लागते. लय दबते थे तिथं."

नवरीची आई पदरात तोंड लपवून हसली. वडील खिडकीबाहेर पाहत होते, पण त्यांचीही मिशी हलली. मी खोलीतला दिवा बंद केला आणि फिल्म लावली. पडद्यावर त्यांची मुलगी मांडवाच्या दारात उभी होती, आणि मावशी पहिल्याच दृश्याला रडायला लागली.